दारातला वाळूचा ढीग

शिरूरच्या बाहेरच्या प्लॉटिंगमध्ये आम्ही जागा घेतली, तेव्हा एजंटाच्या नकाशात एक हिरवा चौकोन होता. ही मुलांची बाग, असं त्यानं बोट ठेवून सांगितलं होतं. राहायला आलो तर तिथं पत्र्याचं कुंपण आणि कुलूप. लग्नसराईत आत गाड्या लावतात, एरवी बाभळी. दारासमोरचा सिमेंटचा रस्ता मात्र सरळसोट, त्यामुळं मोटारसायकली सुसाट. चार वर्षांची पोरगी दिवसभर सासूबाईंजवळ दार लावून आत. मी कंपनीत लाइनवर उभी राहून घरी आले की पाय बोलायला लागायचे. तिला धरून बाहेर थांबायचं त्राण कुणात होतं? मोबाइल द्यायचे आणि आडवी व्हायचे.

मग कंपाउंडच्या भिंतीसाठी वाळू मागवली. टिपरवाल्यानं निम्मा रस्ता अडवून ढीग ओतला नि गेला. गवंडी, गवंड्यांच्या रीतीप्रमाणं, दुसऱ्या साइटवर पळाला. संध्याकाळी कामावरून आले तर ढिगावर गल्लीतली सगळी पोरं. आमच्या गल्लीत एवढी पोरं आहेत हे मला तेव्हा कळलं. माझी पोरगी कोपरापर्यंत हात घालून बोगदा खणत होती, सासूबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. रस्ता अर्धाच उरल्यानं मोटारसायकलवाले निमूट हळू जात होते. मी चहा पायरीवरच घेतला. फार दिवसांनी पोरीवर खेकसले नाही.

गवंड्याला फोन करायचं मी सोडून दिलं. रात्री ढिगावर कुत्री लोळायची, म्हणून सकाळी ड्यूटीला निघण्याआधी खोऱ्यानं वरचा थर ओढून काढायचे. तेवढं अंगात कुठून यायचं कोण जाणे.

शेजारचे आप्पा वैतागले होते. गाडी वळवताना त्यांचं चाक वाळूत रुतायचं.

"रस्ता काय तुमच्या एकट्याचा हाय का?" एकदा म्हणाले.

"मिस्त्रीच येत न्हाई ओ, आप्पा." मी चक्क खोटं बोलले. त्यांची नात ढिगावरच बसली होती, पण त्यांचं सगळं लक्ष चाकाकडं.

शेवटी नवऱ्यानंच गवंड्याला गाठून आणलं. भिंत उभी राहिली, गेट बसलं, उरलीसुरली वाळू कुणी घमेल्यांनी भरून नेली. गल्ली मोकळी झाली, लोकांनी चांगलं म्हटलं. मोटारसायकली पुन्हा सुटल्या. पोरं आपापल्या घरात गेली, ती परत दिसली नाहीत.

परवा आप्पा नातीचं बोट धरून गेटाशी आले. जरा घुटमळले.

"तुमचं आजून काय बांधकाम निघायचं हाय का? वरची खोली वगैरे? वाळू माझ्या दारात टाका, माझं काय म्हणणं न्हाई. ही घरात नुसती किरकिर करती."

"न्हाई आप्पा. आमचं सगळं बांधून झालं."

त्यांनी मान हलवली. लांबून मोटारसायकल येताना दिसली तसं नातीला उचललं आणि घरात गेले. मी गेट ओढून घेतलं, कुलूप घातलं. पोरगी आतच होती.