इकबालचं कात्रण

कासारवाडी स्टेशनाजवळून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकाचं खेळाचं पान मीरासाहेबांनी १९६४ पासून एकहाती सांभाळलं. म्हणायला क्रीडासंपादक, पण मैदानावर जाणारे तेच, बातमी लिहिणारे तेच. मात्र त्या पानाचं वजन असं, की कबड्डीत चमकलेल्या पोरानं त्यातलं कात्रण दाखवलं, की कंपनी त्याला आपल्या संघात घेई आणि संघाबरोबर नोकरीही देई. जवळच्या काळेवाडीतली कितीतरी घरं अशी मार्गी लागली. ती मंडळी पेढे घेऊन आली, की मीरासाहेब फुलून जायचे.

त्यांचा हट्ट एकच. घरचं नाव पानात छापायचं नाही. आता त्यांचाच मुलगा इकबाल असा निघाला, की चढाईत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, त्याला कोण काय करणार! त्यानं सामना जिंकून दिला, की मीरासाहेब लिहीत, 'इतरांनीही चांगली साथ दिली.'

"अब्बा, एकदा तरी नाव लिहा की," इकबाल म्हणायचा. "कंपनीवाले कात्रण मागत्यात."

"लोक म्हणतील, बापानं पोराला चढवला. मग माझ्या पानाला कोण विचारणार?"

"लोकांची पोरं लागली कामाला," त्याची आई सलिमा स्टोव्हपाशी बसून म्हणायची. "आपलंच तेवढं घरी बसलंय."

मीरासाहेब पुढची बातमी लिहायला घ्यायचे. आपल्या सचोटीचा त्यांना भारी अभिमान होता, आणि त्या अभिमानापायी पोराची उमेदीची वर्षं वाया चालली होती.

१९८० साली तळेगाव दाभाड्याला कबड्डी स्पर्धेत इकबालच्या कासारवाडी संघाचा अंतिम सामना होता. इकबालचं वय नोकरीच्या अटीबाहेर जायला आलेलं. त्या सकाळी म्हातारा अखेर नमला. "जा, जिंकून ये. आज मथळ्यात तुझं नाव घालतो."

सामना तसा खिशात होता. शेवटच्या चढाईत नुसता वेळ काढायचा होता. पण इकबालच्या डोळ्यांपुढे मथळा नाचत होता. तो खोल आत घुसला. चौघांनी त्याला घेरून आडवा केला आणि त्यांच्याखाली त्याचा गुडघा मोडला. पुन्हा खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

मीरासाहेबांनी रडत रडत बातमी लिहिली. शब्द दिला होता, आणि खोटं लिहायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात इकबालनं पेपर उघडला. 'कासारवाडी विजयी, इकबाल कायमचा जायबंदी.'

त्यानं मथळा पुन्हा पुन्हा वाचला.

"अब्बा," तो म्हणाला, "हे कात्रण कुठल्या कंपनीत दाखवू?"