मोरीवरची पिशवी

आमच्या तोंडवलीत सकाळच्या बसला रांग माणसांची नसते, पिशव्यांची असते. थांब्याजवळ ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल आहे; तिच्या कठड्यावर ज्याने त्याने आपली पिशवी ठेवायची आणि घरी जाऊन चहा प्यायचा. पिशव्या बघून ड्रायव्हर थांबतो, हॉर्न देतो, मग माणसं धावत येतात. कठडा रिकामा असला तर गाडी थेट पुढे जाते.

बस कुठवर आली हे मोबाइलवर दिसू लागलं, तेव्हा मला ही पद्धत जुनाट वाटू लागली. तरी पारखल्याशिवाय विश्वास ठेवणारा मी नाही. अठरा सकाळी मी ॲपची वेळ आणि गाडीची खरी वेळ वहीत शेजारी शेजारी लिहिली. सोळा वेळा फरक तीन मिनिटांच्या आत निघाला. मला तेवढं पुरेसं वाटलं.

एकोणिसाव्या सकाळी आईला मालवणला न्यायचं होतं. डोळ्यांचे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदाच येत. दहाला नाव पुकारल्यावर माणूस हजर नसेल, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर. आई तेव्हा तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत असे.

"पिशवी ठेवलंस?" तिने विचारलं.

"गरज नाय, आये. गाडी अजून मुक्कामाच्या थांब्यार उभी आसा. ह्यां बघ."

"माका काय दिसतलां त्यात?"

आम्ही पडवीत बसून राहिलो. एवढ्यात फोन वाजला. आमच्या आधीच्या थांब्यावर चढून मालवणला मासे विकायला जाणारी काकी बसमधून बोलत होती.

"अरे, तुझी आवस खंय? गाडी तुमची मोरी सोडून पुढे इली. कठड्यार आज कोणाचीच पिशवी नाय, ड्रायव्हर थांबतलो कसो?"

"पण काकी, मोबाइलात तर..."

"मोबाइल घाल चुलीत! आवशीक स्कूटरार बसव. तिठ्यार मी गाडी धरून ठेवतंय."

तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर पोचलो, तर तिने गाडी खरंच धरली होती. माशांची टोपली दारातल्या पायरीवर मांडून ती कंडक्टरशी वाद घालत उभी होती. गाडी सात मिनिटं खोळंबली. आम्ही दिसताच आतून कुणीतरी ओरडलं, "इलो रे, मोबाइलवालो इलो!"

गाडी सुटते त्या थांब्यावर रात्री दोन गाड्या मुक्कामाला होत्या, असं कंडक्टरने सांगितलं. ॲपमधली तिथेच उभी राहिली आणि ही फेरी दुसरीने घेतली. म्हणजे ॲप खोटं बोललं नव्हतं. चुकलो मी. अठरात सोळा हा हिशेब माझ्या बाजाराच्या फेऱ्यांना चालला असता. आईच्या वाट्याला त्या महिन्यात एकच सकाळ होती. शिवाय ॲप मला गाडीची खबर देत होतं, गाडीला आमची खबर देणारी पिशवी मात्र मी घरात ठेवली होती.

दहाला दहा कमी असताना आम्ही पोचलो. ऑपरेशन झालं.

आठ दिवसांनी तपासणीला जाताना आईने पिशवी स्वतः नेऊन कठड्यावर ठेवली आणि काळा चष्मा लावून शेजारीच बसली. मी मोबाइल पाहत होतो.

"दोन मिनिटां आसत," मी म्हटलं.

"माका हयसून गाडीची पाटी दिसता," ती म्हणाली आणि पिशवी उचलून उठली.