माहेरचा अर्रोबा

माझ्या सासूबाई, तेलेस्फोरा, स्पेनमधल्या अरागॉन प्रांतातल्या. लग्न होऊन कास्तीलमधल्या आमच्या गावी आल्या, त्या माहेरचा लोखंडी दांडीचा काटा घेऊनच. लोकर असो की डुक्कर, त्यांचं वजन त्याच काट्यावर. अर्रोबा म्हणजे आमचं जुनं वजनाचं माप; त्यांच्याकडचा अर्रोबा आमच्या अर्रोब्यापेक्षा चांगला किलोभरानं मोठा. मामंजी चिडवायचे, "तुमच्याकडचं सगळंच जाड, बोलणंसुद्धा." त्या म्हणायच्या, "म्हणून तर पोटभर जेवता."

पुढे सरकारनं किलो आणला. जुने काटे जमा करायला माणूस दारात आला, तेव्हा सासूबाईंनी काटा गवतात खुपसला आणि त्याच्यासमोर निवांत घेवडा सोलत बसल्या.

माझं नि सातुरियोचं लग्न ठरलं आणि त्याला क्युबाच्या लढाईवर नेलं. सासूबाईंनी देवळातल्या मेरीमातेला नवस केला, पोरगा जिवंत आला तर अर्रोबाभर मेण वाहीन. पोरगा आला, पण तापानं पार खंगलेला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मेणबत्तीवाल्यानं अर्रोबा म्हणून साडेअकरा किलो मेण तोलून दिलं, ते त्यांनी वाहिलं. तरी सातुरियो उठेना. माझा जीव टांगणीला लागला होता.

एक दिवस चुलीपुढे बसल्या बसल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मेणबत्तीवाल्यानं दिला होता कास्तीलचा अर्रोबा. नवस बोलताना त्यांच्या मनात होता माहेरचा. मेण कमी पडलं होतं.

पाद्रीबाबा समजूत घालायला आले. "बाई, देवाची आई काही काटा घेऊन बसलेली नाही."

"ती नसेल," सासूबाई म्हणाल्या. "मी बसलेय ना."

आणि त्या थेट परसातल्या, मधमाश्या पाळलेल्या पोकळ ओंडक्यांकडे निघाल्या. ते काम नेहमी सातुरियोचं. धुराचं मडकं मी धरलं, सुरी त्यांनी. दोघींनाही काही येत नव्हतं. माश्या अंगावर आल्या, सासूबाईंचा एक डोळा सुजून बंद झाला, तरी त्या पोळं खरवडतच राहिल्या.

मागून आवाज आला. "आई, धूर खालून द्यायचा असतो. माश्यांचा जीव घेतेस का?"

घोंगडी पांघरून सातुरियो उभा होता. त्यानं आईच्या हातातली सुरी काढून घेतली. ओंडक्याला टेकून का होईना, पोळं त्यानंच कापलं. मेण वितळवून गाळलं, गवतातून काटा निघाला, कमी पडलेलं मेण तोललं, दांडी सरळ झाली. सासूबाई एका डोळ्यानं रडत होत्या. नवस फिटला म्हणाल्या. माणूस उठला तो माश्यांमुळे, असं मला वाटतं. सासूबाईंसमोर मात्र मी ते कधी बोलले नाही.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या काट्यावरच्या खुणा आता घरात मलाच वाचता येतात. दुकानात मी किलोच मागते. पण हल्ली त्यांची फार आठवण येते. आमचा धाकटा मोरोक्कोच्या लढाईवर गेलाय. नवस बोलताना मी मेरीमातेला आधीच स्पष्ट सांगितलंय, अर्रोबा सासूबाईंच्या माहेरचा.