मागचं कोण बघणार?

जुन्या गाडीवाल्यांकडे किस्से का साठतात, सांगू? आमच्या गाड्यांतून पुढचं झकास दिसतं, मागचं काही दिसत नाही! मागची काच पोळपाटाएवढी, आरसा पापडाएवढा. त्यामुळे दर रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना नवीन काहीतरी ऐकायला मिळतंच.

*

आमच्या कांदेवाल्या बापूंच्या गाडीचा आरसा पार पुढे, मडगार्डवर. तो नीट करायचा तर खाली उतरावं लागतं. एकदा मागून ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली, बापूंना पत्ताच नाही! बिचाऱ्याने बाईकवरून येऊन सिग्नलला गाठलं.

बापू म्हणाले, "आलाच हात तर आरसा जरा बाहेर वळवा ना."

त्यानेही वळवला. "आता दिसतं का?"

"एकदम क्लिअर!"

"मग गाडी बाजूला घ्या, पावती पण दिसंल."

*

सलीमभाईंनी यावर उपाय म्हणून फुगीर आरसा चिकटवला. त्यात सगळंच बारीक दिसतं. इगतपुरीच्या घाटात म्हणाले, "मागे छोटा टेम्पो आहे, येईल निवांत."

तेवढ्यात असा हॉर्न वाजला की माझ्या हातातला चहा शर्टवर! भलामोठा ट्रेलर शेजारून गेला.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "अपने आरशात सगळे गरीबच दिसतात यार!"

*

पण खरी गंमत नानांची. त्यांचा रिव्हर्स म्हणजे सुमनकाकू. मागच्या सीटवर उलट्या बसून त्या ओरडणार, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" एकदा काकू माहेरी होत्या आणि नानांनी गेट तोडलं. मुलगा भडकला. "नाना, आणखी एक ठोकर, की गाडी विकायची!" वर त्याने मागे कॅमेरा बसवून दिला.

नाना खूश, काकू फुगल्या. "आता माझं काय काम?"

मग ओझरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन लागलं. बाहेरचा पार्ट दिसला की मार्क कट! नानांनी गुपचूप कॅमेरा काढून डिकीत लपवला. तिथे रिव्हर्समध्ये गाडी लावायची होती, दोन्हीकडे लाखमोलाच्या गाड्या आणि समोर मुलगा हाताची घडी घालून उभा. नाना काकूंकडे वळले.

"अगं, बस ना मागे."

"कॅमेऱ्याला सांगा की!" म्हणत काकू बसल्या मात्र. "येऊ द्या, येऊ द्या... बास!"

कुठेही न घासता गाडी आत! मुलाने मुकाट्याने हाताची घडी सोडली. परीक्षकाने गाडीला चक्कर मारून विचारलं, "मागचं दिसायला काही नवीन बसवलंय?"

"छे! सगळं ओरिजिनल," नाना काकूंकडे बोट दाखवत म्हणाले. "लग्नापासून हीच आहे. बदललेली नाही."

मागच्या सीटवरून आवाज आला, "डिकी उघडून बघा हो साहेब!"