व्हिजिट व्हिसावरचे नट

"वय बाहेर चपलांपाशी ठेवून या!"

तालमीच्या हॉलच्या दारात उभं राहून सर प्रत्येकाला हे सांगायचे आणि सांगता सांगता हातातल्या वहीनं समोरच्याच्या खांद्यावर एक टपली मारायचे. समोरचा सत्तरीचा असो की ऐंशीचा, टपली ठरलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. विसाव्यांदा ऐकलं तेव्हा ती वही त्यांच्याच डोक्यात घालावी असं मला वाटलं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. कुणाकडे जेवायला गेला तर आमटीत मीठ किती हवं होतं ते सांगून येणारा, आणि कौतुक करायची वेळ आली की ज्याला नेमका खोकला येतो असा. सौदीतल्या दम्मामच्या आमच्या सरकारी इस्पितळात सर प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मी तिथंच कर्मचाऱ्यांच्या इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, आणि करारांच्या फायली सांभाळायचो. तीस वर्षं ते दम्माममध्ये होते, त्यामुळे दम्माम आपणच वसवलं अशा थाटात बोलत. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. केस दर गुरुवारी रंगवत आणि शुक्रवारी तो रंग कुणाच्या तरी उशीला लागे. आमच्या सोफ्याच्या एका उशीला तो डाग अजून आहे.

सौदीत सिनेमाची थिएटरं सुरू झाली तेव्हा मराठी मंडळींना सिनेमाला नेण्याचं काम त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. सिनेमाही त्यांनीच निवडला, इंग्रजी. एका लहान गावातली बस बंद होते आणि पाच म्हातारी माणसं ती मोडकी बस स्वतः चालवायला घेतात, अशी गोष्ट. हसवता हसवता रडवणारी. पाचही नट जुने, मुरलेले. सिनेमा चांगलाच असावा, पण मला तो नीट बघता आला नाही, कारण सर माझ्या शेजारी बसले होते. पडद्यावर नवीन माणूस आला की ते माझ्या कानाशी येत. "हा ब्याऐंशी. ही एकोणऐंशी. ह्याची तर बायपास झालीय, चालणं बघ!" पुढच्या रांगेतल्या सौदी बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. सरांनी त्यांना आश्वासक मान डोलावली.

बाहेर पडताना त्यांनी जाहीर केलं, "हे आपण करायचं. मराठीत. स्टेजवर."

ते इंग्लंडचं गाव सरांनी उचलून थेट चिपळूणजवळ आणून ठेवलं. दोन ओळींत खुर्च्या मांडल्या की झाली बस. अडचण एकच होती. दम्माममध्ये म्हातारी माणसं नाहीत. ह्या देशात आम्ही कामाला येतो, साठी झाली की परत जातो. पांढरे केस दिसतात ते फक्त व्हिजिट व्हिसावर मुलांकडे आलेल्या आईवडिलांचे. सरांनी त्यांनाच पकडलं. कुणाची आई, कुणाचे सासरे, आणि माझे वडील, अप्पा. अप्पा कराडला पोस्टमास्तर होते. वय शहात्तर. चौदा तास घरात एसीखाली बसून कंटाळलेले. नाटक म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी दाढी केली.

आता ह्या नटांचं काय होतं, तर नव्वद दिवस झाले की देशाबाहेर जावं लागे. कुणी बहारीनचा पूल ओलांडून, पासपोर्टवर शिक्का घेऊन परत येई, तर कुणी कायमचं घरी जाई. सरांच्या तीन नायिका अशा गेल्या. तिसरी गेली तेव्हा ते तिच्या मुलावर ओरडले, "आईला परत पाठवायच्या आधी दिग्दर्शकाला विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

अप्पांकडे ड्रायव्हरची भूमिका होती. सातआठ वाक्यं. घरी ती त्यांना तोंडपाठ. फ्रीजसमोर उभे राहून म्हणायचे. हॉलमध्ये मात्र चौथ्या वाक्याशी गाडी बंद पडायची. एका शुक्रवारी ती सलग पाच वेळा बंद पडली. सरांनी वही मिटली.

"अप्पा, तुम्ही आयुष्यभर टपाल पोचवलंत ना? मग एवढं एक वाक्य माझ्यापर्यंत का पोचत नाही?"

लोक हसले. अप्पाही हसले. सर तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "असू दे. तुम्ही मागच्या सीटवरचे प्रवासी व्हा. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. बसायला जमतं ना? यल्ला, पुढचा!"

अप्पा जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. घरी आल्यावर भूक नाही म्हणाले आणि टीव्ही लावून बसले. टीव्हीचा आवाज बंद होता. मला त्या माणसाचा इतका राग आला की रात्रभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिलो. सगळी भांडणं मीच जिंकली.

पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलावर यादी आली. सहा महिन्यांनी ज्यांची साठी पूर्ण होणार आणि करार संपणार, अशांची. त्यात सरांचं नाव होतं.

सर तर सगळ्यांना सांगत असत, "मला अजून दोन वर्षं आहेत." खोटं बोलत नव्हते. इंग्रजी तारखेनं त्यांना अठ्ठावन्न पूर्ण व्हायची होती. पण आमच्या नोंदी हिजरी सनाच्या, आणि हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान. साठ वर्षांत जवळजवळ पावणेदोन वर्षांचा फरक पडतो. हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं आणि स्वतःच्या बाबतीत कुणीही मोजत नाही. रक्तातली साखर दशांशापर्यंत मोजणारा हा माणूस स्वतःचं वय चुकीच्या कॅलेंडरवर मोजत बसला होता.

आमच्या खात्यात एक रीत होती. नियमात नव्हती, पण माझ्या आधीच्या माणसानं ती मला शिकवली होती. ऑफिसचं पत्र जातं शेवटचे दोन महिने उरल्यावर. तेवढ्या वेळात कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बदलून दुसरीकडे लागणं कठीण. म्हणून यादी आली की त्या माणसाला कँटीनमध्ये न्यायचं, सुलेमानी चहा मागवायचा आणि हळूच सांगायचं, "बाबा, शोधायला लाग." खाजगी दवाखाने साठीनंतरही ठेवून घेतात. मी केरळच्या दोन नर्सना असं सांगितलं होतं. पेशावरच्या एका ड्रायव्हरला सांगितलं होतं, ज्याच्याशी मी त्याआधी कधी बोललोही नव्हतो.

सरांना मी सांगितलं नाही. मिठाची गुळणी धरून बसलो. उद्या सांगू, असं काही मी ठरवलं नव्हतं. सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं. बसा आता तुम्हीही मागच्या सीटवर, असं मनात म्हणालो आणि यादी फायलीत लावली.

दोन महिन्यांनी अप्पांचे नव्वद दिवस भरले. मला रजा मिळेना. सरांचा फोन आला, "माझे आणखी दोन नट बहारीनला चाललेत. अप्पांना पाठव." अप्पा जायला एका पायावर तयार. मी त्यांना सरांच्या गाडीत बसवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आरसा नीट करत होते.

पुलावर गाड्यांची लांब रांग होती. तीन तास लागले. अप्पांना चक्कर आली, उलटी झाली, सगळी गाडीत. हे मला अप्पांनीच नंतर सांगितलं. सरांनी त्यांना उतरवलं, बाटलीतल्या पाण्यानं त्यांचं तोंड धुतलं, स्वतःचा शर्ट काढून त्यांना घातला आणि स्वतः बनियनवर पासपोर्टच्या खिडकीशी गेले. तिथला अधिकारी रागावला तेव्हा त्याच्याशी अरबीत भांडले. परत येताना अप्पांकडून ड्रायव्हरची सगळी वाक्यं म्हणवून घेतली. गाडीत अप्पा एकदाही अडले नाहीत.

"खलास!" सर म्हणाले म्हणे. "भूमिका तुमची. मीच गाढव. तुम्हाला उभं करून बोलायला लावत होतो. ड्रायव्हर बसून बोलतो."

अप्पा त्या मोठ्या शर्टात घरी आले आणि ताटावर बसून दोनदा भात घेतला. "चांगला माणूस आहे रे," म्हणाले. "तोंडाचा फटकळ आहे एवढंच."

तेव्हा सांगायला हवं होतं. अजून चार महिने होते. पण सांगायचं तर दोन महिने का गप्प होतो हेही सांगावं लागलं असतं. तो धुतलेला शर्ट मी त्यांच्या टेबलावर ठेवायला गेलो. ते म्हणाले, "इस्त्री कुणी केली? कॉलर बिघडवलीत." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अप्पांच्या अंगावर स्वतःचा शर्ट घालणारा माणूस मला झेपत नव्हता, कॉलरवरून बोलणारा झेपत होता. मी तसाच परत आलो.

पत्र गेलं त्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. त्यांना वाटलं मी टाइप करताना चूक केलीय. मी पासपोर्टवरची तारीख आणि तिची हिजरी तारीख शेजारीशेजारी लिहून दाखवली. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, मग कॅल्क्युलेटरवर. मग म्हणाले, "बरोबर आहे." पुढचे दोन महिने ते जवळच्या खोबर आणि जुबैल शहरांतल्या दवाखान्यांत हेलपाटे घालत होते. सगळीकडे एकच उत्तर, जरा आधी यायला हवं होतं. पुण्यात त्यांचा एक फ्लॅट होता, त्यात ते सलग महिनाभरही कधी राहिले नव्हते. "तिथं मला वॉचमनही ओळखत नाही," असं एकदा लिफ्टमध्ये म्हणाले. लिफ्टमध्ये त्यांच्याशिवाय मी एकटाच होतो.

देश सोडताना इस्पितळाच्या प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागते. शेवटची सही माझी. सरांनी कागद पुढे केला. केस रंगवायचे त्यांनी सोडले होते, कडेनं बोटभर पांढरे झाले होते. मी पेन उघडलं.

"ही यादी तुमच्याकडे कधी येते?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने आधी."

"त्या ड्रायव्हरला तू सांगितलं होतंस. पेशावरच्या. त्यानंच मला सांगितलं."

त्यांनी वाट पाहिली. मग कागदाकडे बोट केलं, "सही कर. तिकडे बँक बंद होईल."

मी सही केली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, माझी सही वाचता येत नाही असं म्हणाले, आणि गेले. नाटक झालं नाही. दिग्दर्शकच नाही म्हटल्यावर नट एकेक करून आपापल्या गावी गेले. अप्पाही कराडला परतले.

मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. पण गेले वर्षभर दर शुक्रवारी अप्पांचा फोन वाजला की चार रिंगा होईपर्यंत मी तो उचलत नाही. सर महिन्यातून एकदा पुण्याहून एसटीनं कराडला जातात, अप्पांकडे दुपारभर बसतात. मागच्या शुक्रवारी अप्पा म्हणाले, "सर आलेत. देतो, बोल." नको म्हणायच्या आत पलीकडे त्यांचा श्वास ऐकू आला.

"काय, बरा आहेस ना?"

"सर," मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "तुम्ही अप्पांना यादीचं सांगितलंत?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "मुलगा आहेस तू त्यांचा."

फोन परत अप्पांकडे गेला. मागे कपबशी वाजली.

"बघ," अप्पा म्हणाले, "एवढ्या उन्हाचा येतो बिचारा. माणसानं असं असावं."

मी हो म्हणालो.