करंगळीच्या शेजारचं बोट

आमच्या घराण्यात किस्से जमवावे लागत नाहीत. बिडकीनला चार चुलतभावंडं एकत्र बसली, की कुणीतरी चहाचा कप उचलतं, करंगळीला चिकटून असलेलं सहावं बोट दिसतं आणि एक किस्सा निघतो. मग दुसरा. चहा गार! आजोबांच्या प्रत्येक हाताला सहा बोटं होती. काकांना सहा, आत्याला सहा, माझ्या अप्पांना सहा. मला पाच. म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. आणि मी सांगते, कारण तेवढाच तर माझा त्यात वाटा!

*

काका आधार कार्ड काढायला शहरात आले. मशीनवर पंजा ठेवला की एरर. मशीनवाला म्हणाला, "काका, एक उंगली पीछे लो." काकांनी एक मागं घेतलं. ते पुन्हा काचेवर सरकलं. पुन्हा एरर!

शेवटी तो वैतागला. "काका, मशीनला दहाच बोटं समजते!"

काका शांतपणे म्हणाले, "मंग मशीनला शिकव की. आमच्या घरात बारा हैत!"

*

चुलतभाऊ संतोष पहिलीत होता. गुरुजींनी विचारलं, "दोन्ही हातांची मिळून बोटं किती?" संत्यानं मोजून सांगितलं, "बारा." एक छडी. "परत मोज." संत्यानं सावकाश मोजलं. "बाराच हैत, गुरुजी."

दुसऱ्या छडीसाठी गुरुजींनी त्याचा हात ओढला, हाताकडे पाहिलं आणि छडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे बाळा. पण परीक्षेत दहा लिही!"

*

अप्पा वाळूजला कंपनीत होते. कंपनीचे हातमोजे पाच बोटांचे. आई ते उसवून प्रत्येकाला एक जादा बोट शिवून द्यायची. खात्यात सगळ्यांचे हातमोजे चोरीला जायचे, अप्पांचे कधीच नाही! सुपरवायझर म्हणायचा, "सगळ्यांनी असे शिवून घ्या रे, लॉकरचा खर्च वाचेल!"

शेवटची जोडी आईनं कपाटात ठेवली आहे. मी माहेरी गेले की ती घालून बघते. सहावी जागा मोकळी राहते.

*

लहानपणी संत्या सांगायचा, "तुला उकिरड्यावरून आणलंय, बोटं मोज!" मी सहा वर्षांची असेन. एकदा आई पोळ्या करत होती, तेव्हा कणकेची छोटी गोळी घेतली, वळली, करंगळीच्या कडेला चिकटवली आणि ऐटीत पंगतीत जाऊन बसले. पहिल्याच घासाला बोट वरणात पडलं. सगळे लोटपोट! अप्पा तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात त्यांनी मला हात दिला नाही. ते बोट पुढं केलं. म्हणाले, "कामाला पाच बस हैत मला. हे तुझं. धर."

तेव्हापासून गर्दीत मी त्यांचा हात कधी धरला नाही, बोटच धरलं. दोन वर्षं झाली अप्पांना जाऊन. चेहरा फोटोत आहे, पण फोटो काढताना ते हात पाठीमागं घ्यायचे. ते बोट एकाही फोटोत नाही. मला अप्पांची आठवण येते म्हणजे खरं तर त्याचीच येते. चौतिसाव्या वर्षी क्रांती चौकात रस्ता ओलांडताना अजूनही माझी मूठ अर्धी उघडते.

*

मी ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. बारावीला आनुवंशिकतेचा धडा आला की माझ्या घराण्याचीच वंशावळ फळ्यावर काढते. "जनुक डॉमिनंट असलं की एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. पण पुरतं म्हणजे दिसतंच असं नाही. कधी कधी माणसात जनुक असतं, खूण नसते. आणि त्याच्या मुलात ती खूण उमटते. ज्यांच्यात जनुक आहे, त्यांच्यातल्या किती जणांत ते दिसतं, याला म्हणायचं पेनिट्रन्स."

मागच्या बाकावरून आयेशा म्हणाली, "मॅडम, मग तुमच्यात आहे का नाही?"

"सांगता येत नाही. कदाचित अप्पांकडून आलंच नसेल. कदाचित आलंय आणि लपलंय."

"कळणार कसं?"

"माझ्या बाळाला सहा बोटं आली तर कळेल. नाही आली, तर काहीच कळणार नाही."

मला सातवा महिना होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. मी डस्टर शोधायला लागले, ते हातातच होतं.

आयेशा उभी राहिली. "मॅडम, मैं दुआ करती. पूरी बारा आने दो!"

*

त्याच आठवड्यात सोनोग्राफी होती. सोबत आत्या. मी डॉक्टरांना विचारलं, "बोटं मोजता येतील?" त्यांनी बराच प्रयत्न केला. "नाही हो, मूठ घट्ट मिटलीय."

आत्या पडद्याकडे बघत म्हणाली, "झाकून ठिवलंय लबाडानं! राहू दे तसंच. आपल्यातलंच हाय, तू काय काळजी करू नको!"

*

बाळंत झाले ती दुपारची वेळ होती. सिस्टर दुपटं घेऊन आल्या. "मॅडम, मुलगी! तीन किलो! सगळं एकदम व्यवस्थित!"

मी विचारलं, "सिस्टर, हाताची बोटं?"

"दहा."

"परत एकदा मोजता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक मूठ उघडून, एकेक बोट चिमटीत धरून मोठ्यानं मोजली. "...आठ, नऊ, दहा. दहाच हैत मॅडम. नॉर्मल!"

माझा बांध फुटला. अप्पा गेले त्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली.

सिस्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"कॉलेजात शिकवता ना तुम्ही? अन् मुलगी झाली म्हणून रडता? लाज नाय वाटत!"