घडीची चूल आणि तीन वकील

पहिला हात मीच उचलला. दोन वकिलांपासून हे लपवलं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

वराळ्यात माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पवनेच्या काठावर तंबूत राहायला येणाऱ्यांसाठी मी घडी होणारी लोखंडी चूल बनवली. बाजूच्या पत्र्यावर आईचं नाव ठोकायचो. कॅम्पवाले त्या नावानंच चूल मागायचे. माझ्यासोबत चार वर्षं काम केलेला वडिवळ्याचा मित्र वेगळा झाला, आणि थोड्याच महिन्यांत तिकोणा पेठेतल्या एका कॅम्पवर तीच चूल दिसली. तीच घडी, तेच नाव. वेल्डिंग तेवढं माझं नव्हतं.

तसाच त्याच्या शेडवर गेलो. "आईचं नाव तरी सोडायचंस."

तो हसला. "चूल काय तुज्या एकट्याची हाय व्हय? नाव तर मीच ठोकत व्हतो."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तो कोलमडला आणि उठला तो हातोडा घेऊनच. टेबलावर टेकलेला उजवा हात काढून घेण्याआधी हातोडा त्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

दवाखान्यात थोरला भाऊ म्हणाला, "आमी चौघं जातो. त्याचा हात धड ऱ्हायला न्हाई पायजे."

मी नको म्हणालो नाही. मित्र त्यांना सापडलाच नाही. त्यांनी शेड फोडली, आणि आडव्या आलेल्या त्याच्या वडिलांचं डोकं फुटलं. त्यांना मी आबा म्हणायचो. त्यांच्या ताटात जेवलो होतो.

दोन्हीकडून पोलिसात तक्रारी झाल्या. मी वकील शोधायला लागलो.

लोणावळ्याचे पहिले वकील म्हणाले, "नावाबिवाचं सोडा. त्याला आत घालू. दोन दिवस चोपला की पाया पडत येईल." ऐकायला फार बरं वाटलं. सही करणारच होतो, पण प्लास्टरमुळे पेन धरता येईना.

पुण्यातल्या दुसऱ्यांनी मी नेलेली चूल पिशवीतून काढूसुद्धा दिली नाही. "पेटंट चोरल्याची कडक नोटीस ठोकू," म्हणाले. माझ्याकडे पेटंट नव्हतंच.

तिसऱ्या वडगावच्या, पन्नाशीच्या वकीलबाई. त्यांनी चूल उघडली, मिटली, परत उघडली.

"पहिली कधी विकलीत?"

"चार वर्षं झाली."

"मग या आकाराची नोंदणी आता होणार नाही. बाजारात आलेली वस्तू नवी धरत नाहीत. तो अशी चूल बनवत राहील, ते मला थांबवता येईल असं वाटत नाही. नाव मात्र तुमच्या धंद्याची ओळख आहे. नोंदवलेलं नसलं तरी त्यासाठी लढता येतं. जुनी बिलं आणा, कॅम्पवाल्यांचे मेसेज आणा." मग विचारलं, "आधी कोणी मारलं?"

"त्यानं."

त्यांनी प्लास्टरबाहेर आलेल्या माझ्या बोटाकडे पाहिलं. "मग हा दाताचा व्रण कसला?"

मी सगळं सांगितलं. आबांचंही.

"मारामारीची केस दुसऱ्या कोणाकडे द्या. नावाची मी घेते. पण तुमच्या घरातलं कोणी परत त्यांच्या दारात गेलं, तर मी त्याच दिवशी केस सोडीन."

भाऊ घरी ओरडला, "ही बाई त्यांचीच हाय!" त्यानं माझी कॉलर धरली, भिंतीवर आपटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताचा अंगठा देऊन वकीलपत्र केलं.

पुण्याच्या कोर्टानं नाव वापरायला मनाई केली. मित्रानं उरलेल्या चुलींवरचं नाव ग्राइंडरनं खरवडून काढलं. चूल तो अजून विकतो, माझ्यापेक्षा स्वस्त. माझी मूठ पूर्ण वळत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आबा उभे होते, कपाळावर टाक्यांची वाकडी रेघ. मी जवळ गेलो. त्यांनी काठी उगारली. मी हललो नाही. वकीलबाईंनीच मला दंडाला धरून ओढलं. काठी खांद्याला चाटून गेली.

"तक्रार करायची?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

आबांना मारल्याची भावावरची केस अजून चालू आहे. त्यात दवाखान्यात भाऊ काय म्हणाला ते सांगायला सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलंय.